गोठ्यातील लोखंडी दप्तर : ग्रामीण महाराष्ट्रातील जुन्या तेल-इंजिनांचे सुटे भाग एक इतिहास-साधन

प्रास्ताविक

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेली दप्तरे शोधून काढली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेतून ती प्रसिद्ध केली. तोपर्यंत रद्दी समजला जाणारा कागद इतिहासाचे साधन ठरला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. त्याच वर्षी औंध संस्थानातील माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला कारखाना उभारला. कागदाच्या रक्षणाची परंपरा आणि लोखंडाच्या निर्मितीची परंपरा महाराष्ट्रात अशी एकाच वेळी रुजली. मात्र कागदाला जी प्रतिष्ठा मिळाली, ती लोखंडाला मिळाली नाही. वस्तीवरच्या जुन्या गोठ्यात, कडब्याच्या आड पडलेले तेल-इंजिनाचे भाग आजही केवळ भंगार मानले जातात. हे भाग इतिहासाचे साधन कसे ठरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तेल-इंजिनाचे आगमन

विहिरीच्या पाण्यासाठी शेतकरी शतकानुशतके मोटेवर अवलंबून होता. उपसा किती होणार हे बैलांच्या बळावर ठरे, आणि बागायतीची मर्यादाही त्यावरूनच ठरे. ही मर्यादा तेल-इंजिनाने ओलांडली. हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट यांच्या रचनेवरून इंग्लंडमधील हॉर्न्सबी कंपनीने १८९२ पासून तेल-इंजिने बनविली. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची यशस्वी चाचणी १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे झाली. पुढे रस्टन अँड हॉर्न्सबी, लिस्टर, पेटर यांसारख्या ब्रिटिश कंपन्यांची इंजिने भारतात आली.

देशी निर्मितीही फार मागे राहिली नाही. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनविली. त्याचे संस्थापक धनजीशा कूपर हे १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. राजकोटच्या लहान कारखान्यांनी लिस्टरच्या नमुन्यावर संथगती इंजिने घडविली. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. खेडोपाडी वीज पोहोचू लागली, विहिरीवर विजेची मोटर बसली आणि इंजिनाची रवानगी गोठ्यात झाली.

भागांचे वाचन

हा सारा इतिहास आपल्याला प्रामुख्याने निर्मात्यांच्या बाजूने ज्ञात आहे. संस्थापकांची चरित्रे आणि कंपन्यांची स्मरणिका-वाङ्मये इंजिन कसे बनले हे सांगतात. ते कसे वापरले गेले, हे मात्र गोठ्यातील भागांनाच विचारावे लागते.

नामपट्टीवर निर्माता, क्रमांक, अश्वशक्ती आणि मिनिटाला होणारे फेरे कोरलेले असतात. पट्टीवरील अश्वशक्ती, विहिरीची खोली आणि सातबारा उताऱ्यावरील क्षेत्र यांची सांगड घातली, तर त्या कुटुंबाच्या बागायतीचा अंदाज बांधता येतो. एका सिलिंडरच्या चतुर्घाती इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदाच शक्तीचा घाव बसतो. मधल्या काळात चाक फिरते ठेवण्यासाठी जडचक्र, म्हणजेच फ्लायव्हील, वजनदार असावे लागते. हँडल मारून ते हाताने फिरविणे हे ताकदीचे आणि जोखमीचे काम होते.

लायनरच्या वरच्या टोकाशी झिजेने पडलेली कड दीर्घ वापराची साक्ष देते. इंजिन थंड ठेवण्यासाठी विहिरीचेच पाणी खेळविले जात असेल, तर सिलिंडरभोवतीच्या पोकळीत क्षारांचा थर साचतो. त्या काळच्या भूजलाची ती एक नोंदच होय. वेगवेगळ्या व्यासांच्या पट्ट्याच्या पुली आढळल्या, तर तेच इंजिन पंपाखेरीज पिठाची गिरणी, कडबा कापण्याचे यंत्र किंवा उसाचा चरकही चालवीत असावे, असे अनुमान करता येते.

सर्वांत बोलके पुरावे दुरुस्तीचे असतात. तडा गेलेल्या हेडवरील पितळेचा झाळ, लेथवर कातून बसविलेला बुश, एका कंपनीच्या इंजिनात बसविलेला दुसऱ्या कारखान्याचा कनेक्टिंग रॉड, ही सारी गावच्या मिस्त्रीची हस्ताक्षरे आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात लोहार आणि सुतार बलुतेदार म्हणून येतात. इंजिनाचा मिस्त्री त्यानंतरचा. तो बलुत्यावर नव्हे, तर रोख मजुरीवर काम करणारा. ग्रामव्यवस्थेतील हे स्थित्यंतर घडविणाऱ्या माणसाने कागद मागे ठेवला नाही. लोखंडावरच्या खुणा तेवढ्या ठेवल्या.

जतनाचा प्रश्न

या साधनाला दोन्ही बाजूंनी धोका आहे. भंगारवाला त्याचे मोल वजनावर करतो, आणि भट्टीत गेलेले दप्तर परत येत नाही. दुसरा धोका हौशी जतनातून उद्भवतो. जुने इंजिन घासून, रंगवून, झिजलेले भाग बदलून चकचकीत केले की ते पाहण्यास सुंदर होते, परंतु त्याच्या आयुष्याची नोंद पुसली जाते. जुन्या पोथीची पाने धुऊन नव्याने लिहून काढण्यासारखेच हे आहे. इंजिन पुन्हा सुरू करण्यातील आनंद नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याआधी नोंद व्हावी आणि काढलेला भाग फेकला जाऊ नये, एवढा आग्रह इतिहासाच्या अभ्यासकाने धरला पाहिजे.

समारोप

या कामास मोठा निधी लागत नाही. महाविद्यालयातील इतिहास विभागाने आपल्या परिसरातील वस्त्यांवर विद्यार्थ्यांना पाठवावे. भाग हलविण्यापूर्वी जागेवरच छायाचित्र, नामपट्टीची नक्कल, मापे आणि मालकाचे निवेदन घ्यावे. ज्यांनी ही इंजिने चालविली आणि दुरुस्त केली, त्या वृद्धांच्या मुलाखती प्रथम घ्याव्यात. कारण लोखंडाला गंज चढण्यास काळ लागतो, माणसाची स्मृती तेवढी थांबत नाही. राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव पायपीट करीत हिंडले. आपल्याला आपल्याच तालुक्यातील गोठ्यापर्यंत जावयाचे आहे, तेही भंगाराच्या गाडीआधी.