आर्वीचा तेलंगराव वली : समाधी की कबर?

वर्धा जिल्ह्याच्या वायव्येस, वर्धा नदीच्या पूर्वेला आर्वी हे कापसाच्या बाजारपेठेचे जुने गाव आहे. चार्ल्स ग्रँट यांनी १८७० साली संपादित केलेल्या मध्य प्रांताच्या गॅझेटिअरमध्ये या गावावर एक लहानशी नोंद आहे. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी तेलंगराव वली नावाच्या पुरुषाने गाव वसविले. हिंदू त्यास ब्राह्मण म्हणतात, मुसलमान आपल्या धर्माचा मानतात. त्याच्या थडग्याचे पुढे देखणे देवस्थान झाले आणि दोन्ही समाज तेथे एकत्र भजतात, असा तिचा आशय.

ही नोंद मराठीत आणताना आमची लेखणी पहिल्यांदा अडली ती थडग्यापाशी. इंग्रजी लेखकाला एका शब्दात निभावता आले. मराठीत 'समाधी' म्हणावे तर ब्राह्मणाचा पक्ष घेतला, 'कबर' वा 'मजार' म्हणावे तर मुसलमानाचा. 'थडगे' त्यातल्या त्यात तटस्थ, पण संताविषयी लिहिताना ते रुक्ष वाटते. बरे, देह पुरला यावरूनही निवाडा होत नाही. संन्याशाला आणि संताला भूमीत ठेवण्याची चाल हिंदूंतही आहेच.

मग नावाकडे वळावे. 'वली' हा अरबी शब्द. ईश्वराचा निकटवर्ती, सखा असा त्याचा अर्थ. 'राव' हे या मातीतले मानाचे उपपद. आणि 'तेलंग' म्हणजे तेलुगू मुलूख. तीन तुकडे तीन दिशांना ओढतात, आणि लोकांनी ते एका दमात उच्चारले. हे नाव जपणाऱ्यांना त्यात विसंगती दिसली नसावी.

ज्या काळात परंपरा त्याला ठेवते, त्या काळालाही ती दिसली नसती. १८७० मधून तीनशे वर्षे वजा केली की आपण वऱ्हाडच्या इमादशाहीच्या अखेरीस येतो. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली. फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणे इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हा विजयनगरच्या मुलखातील कन्नड हिंदू कुळात जन्मलेला, आणि निजामशाहीच्या मूळपुरुषाचे घराणे पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचे. सिंहासनावर बसणाऱ्यांची कुळकथा अशी दुहेरी असता एका फकिराची किंवा साधूची एकेरी असावी, हा आग्रह कशासाठी? अर्थात परंपरेतली तीनशे वर्षे म्हणजे काही पंचांग नव्हे. पण काळाची ही पार्श्वभूमी तिच्या मागे ठेवल्याशिवाय ती वाचता येत नाही.

याच जिल्ह्यातील आष्टी येथे महंमदखान नियाझी या मोगल सरदाराची कबर आहे. त्याचा मृत्यू १६२७ चा. जहागीर, हुद्दा, कुळ सारे ज्ञात. आर्वीच्या वलीविषयी असे काही हाती नाही, आणि तरी गावाला 'आर्वी तेलंगराव' म्हणण्याची रीत पडली ती त्याच्या नावाने.

वाङ्मयेतिहासात मात्र त्याला जागा नाही, कारण त्याने ग्रंथ ठेवला नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे तसे नाही. त्यांचा 'योगसंग्राम' आपल्यापाशी आहे. त्यामुळे त्यांच्या जन्मधर्माचा प्रश्न निघाला तरी वाचकाला त्यांच्या ओव्यांकडे जाता येते, त्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकता येते. संतसाहित्याच्या आपल्या अभ्यासक्रमांचा सारा डोलारा अशा ग्रंथांवर उभा आहे, आणि ते स्वाभाविकच. परंतु ग्रंथ नसलेल्या संताचे काय करायचे, हे आम्ही विद्यार्थ्यांना कधी शिकविलेले नाही. तिथे वाचायला उरते फक्त नाव, आणि लोकांचा त्यापुढे नमस्कार.

गॅझेटिअरकाराने दोन्ही दावे नोंदविले आणि मग ते एकत्र भजतात हेही नोंदविले. पुढे त्या नोंदीचा आधार घेणाऱ्याने पहिले अर्धे वाक्य उचलायचे की दुसरे, हे त्याच्यावर आहे. आम्ही आमच्या टिपणात 'समाधी' खोडले, 'कबर' खोडले, आणि 'वलीचे स्थान' असे लिहिले.