नाक नवं, पथ्य जुनं

मंडळी, 'प्लास्टिक सर्जरी'तल्या प्लास्टिकचा आपल्या बादल्या-डब्यांशी काही संबंध नाही, हे आधी सांगून टाकते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आकार देणं, घडवणं. कुंभार मातीला देतो तसा. आणि गंमत म्हणजे, या शस्त्रक्रियेच्या आधुनिक इतिहासाचं एक मोठं पान आपल्या पुण्यातलं आहे.

१७९२ च्या लढाईत इंग्रजी सैन्याबरोबर कावसजी नावाचा एक गाडीवान होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं आणि त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्या जातीच्या माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, त्याभोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी तशीच जोडलेली ठेवली, म्हणजे रक्त मिळत राहील. टाके नाहीत! पाण्यात कालवलेला काथ कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या एकावर एक चिकटवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी ठेवली. साधारण पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापली. दोन इंग्रज डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत हे झालं. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचं पत्र चित्रासह छापून आलं आणि ते वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली.

ही गोष्ट आता पुष्कळांना माहीत आहे. माझं लक्ष गेलं ते दुसरीकडे. त्या पत्रात मेण आहे, काथ आहे, तूप आहे. पण ते पंचवीस दिवस त्या माणसाला पेज कुणी करून दिली, वरण कुणी भरवलं, त्याचा पत्ता नाही. एक हात गेलेला आणि सुरुवातीचे पाच-सहा दिवस पाठीवर पडून राहिलेला माणूस स्वतःच्या हाताने काय जेवणार? इतिहासात सुरी राहते, पातेलं राहत नाही.

सुश्रुताचं मात्र तसं नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात १६ व्या अध्यायात नाक जोडण्याची कृती आहे (तिथे गालाची कातडी घेतली आहे), आणि तीन अध्याय पुढे, १९ व्यात, जखमी माणसाची शुश्रूषा कशी करावी यावर वेगळा अध्याय आहे. काय देऊ नये त्याची यादी लांबलचक: नवं धान्य, उडीद, तीळ, कुळीथ, आंबट, खारट, तिखट, गूळ, सुकवलेलं मांस, सुकी भाजी, दही, दूध, ताक, शिवाय मद्य. हा सगळा वर्ग पू वाढवणारा, असं तो सांगतो. आणि द्यावं काय? जुन्या तांदळाचा ऊन भात, तूप, मुगाचं कढण, कोरड्या प्रदेशातल्या (जांगल) प्राण्यांचं मांस. तांदुळजा, चाकवत, कोवळा मुळा, वांगं, पडवळ, कारलं. वर डाळिंब, आवळा, सैंधव. प्यायला उकळलेलं पाणी.

वाचताना मला हसूच आलं. "आंबट खाऊ नकोस, टाक्यांत पू होईल" हे वाक्य आमच्या आजीच्या तोंडचं. तिला अक्षरओळख नव्हती, पण तिचा सूर मात्र याच यादीतला होता. फक्त एक फरक पडला. यादीचा मनाईचा भाग घराघरांत टिकला आणि देण्याचा भाग आखडत आखडत मऊ भात आणि साखरेच्या चहावर आला.

त्याची किंमत काय, ते पाश्चात्य लोकांना समुद्रावर कळलं होतं. १७४१ मध्ये अ‍ॅन्सनच्या जहाजांवर स्कर्व्ही पसरला, तेव्हा पन्नास वर्षांपूर्वी लढाईत झालेल्या एका म्हाताऱ्या खलाशाच्या जखमा पुन्हा उघडल्या. जखम भरली म्हणजे संपली असं नसतं. तिथला कोलॅजनचा धागा शरीर सतत दुरुस्त करत असतं आणि त्यासाठी क जीवनसत्त्व लागतं. १९३९-४० मध्ये बोस्टनच्या जॉन क्रँडन या तरुण सर्जनने हा प्रयोग स्वतःवरच केला. महिनोन् महिने फळ नाही, भाजी नाही. तीन महिन्यांनी पाठीवर छेद करून घेतला, तो नीट भरला. सहा महिन्यांनी पुन्हा छेद केला, तर वरची कातडी मिटली पण आतलं मांस जुळेना. मग क जीवनसत्त्व टोचून घेतल्यावर ते जुळलं. सुश्रुताने सगळं आंबट बंद करून आवळा मात्र ठेवला होता, हे इथे आठवतं. त्याला जीवनसत्त्व ठाऊक असणं शक्य नाही. उगाच "आमच्याकडे सगळं होतं" असा जयघोष मी करणार नाही. त्याने रोगी पाहिले होते, एवढं पुरे आहे.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. १९३० च्या सुमारास ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसनने हाड मोडलेल्या रोग्यांची लघवी तपासली आणि इजा झाल्यावर शरीर आपलेच स्नायू झिजवतं हे दाखवून दिलं. १९३६ मध्ये हायरम स्टडली या अमेरिकन सर्जनने अल्सरच्या रोग्यांचा हिशेब मांडला. शस्त्रक्रियेआधी ज्यांचं वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त घटलं होतं, त्यांच्यापैकी साधारण तिघांत एक दगावला. बाकीच्यांत शंभरात तीन-चार.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण सांगते. आमच्या नात्यातल्या एका मुलीने स्वतःच्या पगारातून नाकाची शस्त्रक्रिया करून घेतली. (ओळखलं असेल त्यांनी कृपया खाली नाव लिहू नये.) अपेंडिक्स काढलं असतं तर घरोघरी डबे गेले असते. इथे मात्र, "हौसेने करून घेतलंय ना, मग कसलं पथ्यपाणी?" असा सूर. आणि वर आंबट नको, अंडं उष्ण, डाळ वातूळ. पोरगी आठ दिवस पेज आणि बिस्किटांवर. मला याचा फार राग आला. हौस की गरज हे कातडीला कळत नाही. कापलं की तिला भरून यायचं असतं, आणि भरायला माल लागतो.

तेव्हा साधा हिशेब. १०० ग्रॅम कोरड्या मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सुमारे ६. पेजेत जवळजवळ नाहीतच. चावायला त्रास होत असेल तर मुगाचं घट्ट वरण, मऊ खिचडी, उकडून कुस्करलेलं अंडं, चाकवताची पातळ भाजी द्यावी. दूध-दही सुश्रुताने वर्ज्य केलं असलं तरी आजचे डॉक्टर देतात आणि पचत असेल तर जरूर द्यावं. आवळा, पेरू, संत्रं द्यावं. चेहऱ्यावर सूज असताना पापड-लोणचं कमी. तंबाखू तर कुठल्याच रूपात नको, मिश्रीसुद्धा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्याने बसवलेल्या कातडीचा सगळा जीव त्यांच्यावरच असतो. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर अर्थात आपल्या डॉक्टरांना विचारूनच सगळं.

आता ती मुलगी बरी आहे. नाक कसं दिसतं यावर दोन्ही बाजूंनी भरपूर चर्चा झाली. ती मी इथे देत नाही. पुढच्या वेळी नात्यात कुणी असं काही करून घेतलं, तर मत जरूर द्या, पण आधी डबा पाठवा.