दोनशे पौंडांचा हिशोब

२०२२च्या उन्हाळ्यात माझ्या चुलत बहिणीला अमेरिकेत एमएससाठी ॲडमिशन मिळालं. घरातला इंजिनिअर म्हणून खर्चाची एक्सेल शीट करायचं काम माझ्याकडं आलं. बिद्रीच्या घरी सोप्यात बसून मी एका चौकोनात डॉलरचा भाव टाकला, ७५. जुलैत डॉलर ८० झाला, ऑक्टोबरात ८३. तो एक आकडा बदलला की खालची सगळी बेरीज बदलायची. काकांनी विचारलं, "फी वाढवली काय रं त्यांनी?" फी तेवढीच होती. बँकेचं कर्ज रुपयांत मंजूर झालेलं, म्हणून वरचे पैसे उसाच्या बिलातून काढावे लागले.

गंमत म्हणजे त्याच महिन्यांत पुण्यात माझ्या ऑफिसात वातावरण खुशीचं होतं. आमचे क्लायंट डॉलरमध्ये पैसे देतात, रुपया पडला की कंपनीला आपोआप फायदा. माझा पगार मात्र रुपयांत आणि होता तेवढाच.

नंतर शाहू महाराजांच्या पत्रव्यवहाराविषयी वाचताना एका पत्रापाशी थांबलो. सप्टेंबर १९२१मध्ये लंडनहून भीमराव आंबेडकरांनी महाराजांना लिहिलेलं. मागणी २०० पौंडांच्या कर्जाची. १०० पौंड कायद्याच्या शिक्षणाची उरलेली फी भरायला, १०० पौंड मुंबईला परतायच्या बोटीसाठी. परत गेल्यावर व्याजासह फेडीन, असंही लिहिलंय. आणि पैसे कमी का पडले, याचं कारण एकच: विनिमयाचा दर त्यांनी आधी धरलेल्या हिशोबाच्या उलट गेला होता.

म्हणजे त्यांचीही एक्सेल शीट बिघडली होती.

दोघांची ओळख तेव्हा ताजी होती. 'मूकनायक' जानेवारी १९२०मध्ये सुरू झालं, त्याला महाराजांची मदत होती. त्याच मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. माणगाव त्या वेळी कागल जहागिरीत होतं आणि आमची बिद्री आज कागल तालुक्यात येते, त्यामुळं या गोष्टीवर आपलाही थोडा हक्क आहे असं मला उगाच वाटतं. सिडनहॅम कॉलेजातली ४५० रुपये पगाराची प्राध्यापकी सोडून आंबेडकर जुलै १९२०मध्ये लंडनला निघाले. सोबत स्वतःची बचत, महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज.

आता भावाकडं येऊ. तेव्हा एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स. १८९८पासून रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे १५ रुपयांना पौंड. पहिल्या महायुद्धात चांदी एवढी महागली की रुपयाचं नाणं चालवण्यापेक्षा वितळवणं फायद्याचं ठरायची वेळ आली. सरकार भाव वाढवत गेलं आणि फेब्रुवारी १९२०मध्ये सरकारी समितीनं रुपया सोन्याच्या हिशोबात २ शिलिंगांचा करावा असं सुचवलं. म्हणजे सोन्याचा पौंड १० रुपयांना! समितीतले दादिबा दलाल एकटे विरोधात होते, ते म्हणत होते जुना भावच बरा. त्यांचं कुणी ऐकलं नाही. बाजारात रुपया घसरायला लागला, तर भाव धरून ठेवण्यासाठी सरकारनं सप्टेंबरपर्यंत साडेपाच कोटी पौंड विकले आणि मग हात टेकले. १९२१मध्ये रुपया १६ पेन्सच्याही खाली जाऊन आला. कायद्याच्या पुस्तकात मात्र १९२७पर्यंत २ शिलिंगच लिहिलेले होते.

सरकारी भावानं २०० पौंडांना २ हजार रुपये पुरले असते. १६ पेन्सच्या भावानं त्यालाच ३ हजार लागत. मधले हजार म्हणजे सिडनहॅमचा दोन महिन्यांहून जास्त पगार.

पुढं त्यांनी याच विषयावर प्रबंध लिहिला, 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. डिसेंबर १९२३मध्ये तो लंडनमध्ये पुस्तकरूपानं आला. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत आपले मतभेद नोंदवले आणि तरी दाद दिली. केन्सनं उचलून धरलेल्या चलनपद्धतीवर या पुस्तकात थेट टीका आहे. व्हॉट्सॲपवर हे पुस्तक 'रिझर्व्ह बँक यातूनच निघाली' एवढ्या एका ओळीपुरतं फिरतं आणि वाचायचं राहून जातं.

मला त्यातला एक मुद्दा सोडत नाही. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, देशाचा फायदा होतो, असं मुंबईचे व्यापारी म्हणत. आंबेडकरांचा प्रश्न असा की हा फायदा येतो कुठून? रुपया पडला की देशात भाव चढतात, मजुरी मात्र मागे राहते. मालकाला जे जास्त मिळतं ते परदेशातून आलेलं नसतं, ते त्याच्याच मजुराच्या ताटातून उचललेलं असतं. हे वाचताना माझ्या ऑफिसातली खुशी आठवली. माझं ताट भरलेलं होतं, तक्रार करायला तोंड नाही. पण काकांचं उसाचं बिल आठवलं.

डिसेंबर १९२५मध्ये हिल्टन यंग आयोगापुढं साक्ष देताना त्यांनी हेच धरून ठेवलं. वाद होता १ शिलिंग ४ पेन्स की ६ पेन्स. पुरुषोत्तमदास ठाकुरदास आणि बरेच राष्ट्रीय पुढारी स्वस्त रुपयाच्या बाजूनं, म्हणजे ४ पेन्सवाले. आंबेडकरांचं म्हणणं, भाव दोन्हींच्या मधे असावा, पण ६ पेन्सच्या जवळ. तेव्हा ही भूमिका सरकारधार्जिणी वाटली असणार. पण त्यांचा हिशोब मजूर आणि पगारदारांच्या बाजूनं मांडलेला होता.

१९२७मध्ये ६ पेन्सवर शिक्का बसला. पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. मग स्वातंत्र्य आलं, आणे-पै गेले, तरी पौंडाचा हा भाव ६ जून १९६६च्या अवमूल्यनापर्यंत टिकला. त्या दिवशी पौंड २१ रुपयांना झाला आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांना.

शाहू महाराज ६ मे १९२२ला गेले. 'प्रॉब्लेम'चं पुस्तक त्यांना बघायला मिळालं नाही.

बहीण आता तिकडं नोकरी करते आणि घरी पैसे पाठवते. काका मला फोन करून विचारतात, "आज डॉलर कितीला?" वाढला म्हटलं की त्यांचा आवाज खुलतो. परवा मी म्हटलं, उसाला टाकता ते पोटॅश बाहेरच्या देशातून येतं, तेही डॉलरमध्येच घ्यावं लागतं. थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "मग आपून वाढलेला बरा म्हनायचा का पडलेला?"

मी अजून शीट करतोय.