खजाना बावडी

खजाना बावडी : बीड जिल्ह्यातील सोळाव्या शतकातील दगडी जलवास्तू. बीड शहराच्या दक्षिणेस सुमारे 6 किमी.वर, पाली गावाकडे जाणाऱ्या धुळे–सोलापूर महामार्गाजवळच्या शिवारात ती आहे. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत (1565–88) बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली. रचनाकार म्हणून राजा भास्कर याचे नाव सांगतात. नाव बावडीचे असले, तरी ही केवळ पाणी शेंदण्याची विहीर मानणे चूक आहे. घडीव दगडांच्या या गोल बांधकामात खाली भुयारी पाटांची तीन तोंडे आहेत. दोन तोंडांतून पाणी आत येते. तिसऱ्यातून ते बाहेर पडून उत्तरेकडील बलगुजार भागातल्या शेतांना मिळत आले आहे. मोट नाही, बैल नाहीत. जमिनीचा उतार हेच तिचे यंत्र. म्हणून तिची गणना विहिरींपेक्षा नहरींमध्ये, म्हणजे भुयारी पाटांनी पाणी वाहून नेणाऱ्या योजनांमध्ये, करणे योग्य. औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याची नहर पुढे सतराव्या शतकात आली. भूजल उतारावरून वाहते करण्याची विद्या मराठवाड्यात त्याआधीच रुजलेली होती, याची ही बावडी साक्ष आहे.

बावडीतले पाणी कधी चढत नाही आणि दुष्काळातही उतरत नाही, अशी ख्याती आहे. यामागे चमत्कार शोधण्याची गरज नाही. बाहेर जाणाऱ्या पाटाचा उंबरठा ज्या उंचीवर, त्याच पातळीवर पाणी राहणार. आवक वाढली, तर जादा पाणी पाटाने निघून जाते आणि आवक घटली, तर पाटाची धार बारीक होते. पातळी स्थिर म्हणजे साठा अक्षय, असा मात्र अर्थ नाही. यावर कोणी म्हणेल, पाऊसच नसताना आवक टिकते कशी? बालाघाटच्या डोंगरांतून येणाऱ्या बिंदुसरा नदीच्या खोऱ्यात मुरलेले पाणी मुरुमातून आणि खडकाच्या भेगांतून सावकाश पाझरते. नदीचे पात्र कोरडे पडल्यावरही हा पाझर काही काळ चालू राहतो. दुसरा आक्षेप असा, की पालीजवळ बिंदुसरेवर 1955 साली धरण झाल्यावर या वास्तूला केवळ पुरातत्त्वीय मोल उरले. पण धरण पृष्ठभागावरचे पाणी अडवते आणि बावडी जमिनीखालचे वळवते. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. त्यामुळे वरचा दगडी गोल राखला आणि भुयारी पाट गाळाने बुजू दिले, तर जतन झाले असे म्हणता येणार नाही. सलाबतखानाने बांधली ती पाण्याची वाट. तिचे वाहणे टिकले, तरच खजाना हे नाव खरे.