बिनजातीचे कसब : दोन सुयांच्या विणकामाचा एक इतिहास

आपल्याकडे धाग्यालाही जात आहे. सूत कोष्ट्या-साळ्याचे आणि मोमिनाचे, घोंगडी धनगर-सणगराची, रंग रंगाऱ्याचा आणि बेतलेले कापड शिंप्याचे. वऱ्हाड-नागपुराकडे महारही मागावर बसत, पण त्यांच्या वाट्याला जाडेभरडे कापड. तलम काठाचे लुगडे विणणे हा कोष्ट्याचा मान. कसब म्हणजे येथे विद्या नव्हे, वतन आहे. बाप मुलाला शिकवितो. बाप दुसऱ्या जातीचा असेल तर शिकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. या व्यवस्थेची चिकित्सा करताना आपण बहुधा बारा बलुतेदारांपाशी थांबतो. परंतु त्या यादीत कुठेच न बसणारे एक कसब शेदीडशे वर्षांत आपल्या घरांत येऊन बसले आहे, आणि त्याची नोंद घ्यावी असे फारसे कोणाला वाटलेले नाही. ते म्हणजे दोन सुया आणि लोकरीचा गोळा घेऊन केलेले विणकाम. मराठीत मागावरच्या कामालाही विणकाम म्हणतात आणि सुयांवरच्या कामालाही. येथे दुसऱ्याविषयी बोलावयाचे आहे.

महाराष्ट्रात स्वेटर विणणारी जात नाही. असण्याचे कारणच नाही, कारण हे काम गावगाड्यात जन्मले नाही. ते शाळेतून आले आणि पुस्तकातून आले. छापलेल्या ओळी वाचायच्या, त्याप्रमाणे टाके घालायचे, चुकले तर उसवायचे, पुन्हा वाचायचे. येथे गुरू लागत नाही, घराणे लागत नाही, कोणाच्या ओसरीवर उभे राहून ‘दाखवता का’ असे विनवावे लागत नाही. ज्या समाजात ऐकण्याची, पाहण्याची आणि शिवण्याची बंदी हेच ज्ञानाचे कुलूप होते, त्या समाजात पुस्तकातून हाताचे कसब शिकता येणे ही साधी घटना नव्हे.

तिचे महत्त्व कळायला धाग्याभोवतीचा विटाळ आधी पाहिला पाहिजे. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणखात्यात घेत नसत. कारण सांगितले जाई ते असे की, धोट्यातली कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागते. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर कसा हाताळणार? म्हणून विणखात्याची चांगली मजुरी सवर्ण व मुसलमान विणकरांना, आणि कमी पगाराची खाती आमच्या लोकांना. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. वर्गलढ्याची भाषा बोलणाऱ्या पुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला, हे इतिहासात नोंदलेलेच आहे. थुंकीने आजार पसरतो हा मुद्दा साऱ्याच कामगारांच्या हिताचा होता. तोंडाने धागा ओढण्याची पद्धत बदला, असे म्हणता आले असते. पण पद्धत बदलण्यापेक्षा माणूस वगळणे सोपे होते.

आता याच्या शेजारी लोकर ठेवून पाहा. धर्मशास्त्राच्या दृष्टीने सूत लवकर विटाळते, लोकर आणि रेशीम विटाळत नाही. म्हणून तर सनातनी घरात धाबळी नेसून सोवळ्यात स्वयंपाक होई. मेंढी कातरणारा धनगर, घोंगडी विणणारा सणगर यांच्या हातून गेलेली लोकर देवघरापर्यंत चालते, आणि तीच काळी घोंगडी खांद्यावर टाकून घुंगराची काठी हाती घेतलेला गावचा महार मात्र सावलीसकट बाहेर. विटाळ वस्तूत नसतो, तो कोणाच्या अंगावर लादायचा हे आधी ठरते आणि वस्तूचे शास्त्र मागाहून रचले जाते. लोकरीइतका याचा सरळ पुरावा दुसरा नाही.

विणकामाचे पुस्तक मुळात आले कोठून? युरोपात हे काम पूर्वी पुरुषांचे होते. तेथेही कसबी मंडळ्या होत्या आणि त्या आपले कसब राखून ठेवीत. पुढे ते गरिबांच्या पोरांना पोटापाण्यासाठी शिकविले जाऊ लागले. १८३८ साली लंडनमध्ये गरिबांच्या शिक्षणासाठी चालणाऱ्या ‘नॅशनल सोसायटी’ने शिवण व विणकाम शिकविण्याचे एक पुस्तक छापले. ते धर्मादाय शाळांतील मुलींसाठी होते, आणि त्यांनी शिकायचे ते मोजे. दोनच वर्षांनी, १८४० मध्ये, एडिंबरोच्या जेन गॉगेन या बाईंनी आपले पुस्तक प्रसिद्ध केले. बाईंचे लोकर व भरतकामाच्या सामानाचे दुकान होते आणि वाचक होत्या सुखवस्तू घरच्या स्त्रिया. टाक्यांसाठी खुणा ठरवून नमुना थोडक्यात लिहिण्याची रीत त्यांनी रूढ केली. टाका तोच, सुई तीच. एकीला तो मजुरीसाठी शिकविला, दुसरीला विरंगुळ्यासाठी. ही फाळणी लक्षात ठेवावी, कारण पुस्तकाबरोबर तीही बोटीने इकडे आली.

इकडे ती आली मिशनच्या शाळांतून. सिंथिया फरार ही अमेरिकन मराठी मिशनची बाई १८२७ मध्ये मुंबईस उतरली आणि १८३९ पासून अहमदनगरला मुलींच्या शिक्षणात राहिली. तिच्याकडे सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले असे चरित्रकार सांगतात. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर सुईकाम असे. मुलगी शिकून करणार काय, या प्रश्नाला ते तयार उत्तर होते. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ पासून पुण्यात ज्या शाळा काढल्या त्यांचे वेगळेपण येथे दिसते. सुईपेक्षा अक्षरावर त्यांचा भर होता. त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त आला. त्यात दोन गोष्टी आहेत. आमचा धर्म कोणता, आमचे पुस्तक कोणते, असा ती रोखठोक प्रश्न करते. आणि डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांना हिवापावसाने काय सोसावे लागते, तेही ती सांगते. पुस्तक आणि थंडी. झबले-टोपड्याचा इतिहास लिहिणाऱ्याने या निबंधापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

पुढे महाराष्ट्रात विणकामाचे दोन दरवाजे झाले. पांढरपेशा घरांत ते ‘स्त्रियांची कला’ झाले. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले. तेथील हस्तकामाने पुष्कळ विधवांना स्वतःच्या पायांवर उभे केले आणि ते ऋण मान्यच केले पाहिजे. पण आमच्या वस्त्यांकडे तोंड करून उघडलेल्या दरवाजावर पाटी होती ‘उद्योग’. एकीच्या हाती सुया आल्या की ती सुगृहिणी. दुसरीच्या हाती आल्या की तिची सोय लागली. १९३७ नंतर वर्धा योजनेतून मूलोद्योगाच्या शाळा आल्या आणि टकळी-चरखा वर्गात आला. हाताने काम करा हा उपदेश ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या हातानेच काम करण्यात गेल्या त्यांनाही तसाच केला गेला. १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी म्हटले आहे की, माणसाला फुरसत मिळाल्याशिवाय संस्कृती घडत नाही, आणि ती फुरसत यंत्र देते. टकळीवर सूत काढणाऱ्या अस्पृश्य पोराला त्या तासात पुस्तक वाचता आले असते, हा त्याचा सरळ अर्थ. कोठारी आयोगाचा ‘कार्यानुभव’ (१९६६) आणि ईश्वरभाई पटेल समितीचे ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ (१९७७) ही त्याच विचाराची पुढची नावे.

मग सुयांचे विणकामही टकळीसारखेच टाकून द्यावे काय? तसे म्हणता येत नाही. टकळीला वाचन लागत नाही. सुयांच्या नमुन्याला लागते. हा फरक मला कागदावर नव्हे, साक्रीत कळला.

साक्री हा धुळे जिल्ह्याचा पश्चिम तालुका. पिंपळनेरकडे आदिवासी पट्टा, निजामपूर-जैताण्याकडे माळमाथा, आणि माळावर ठेलारी धनगरांचे मेंढ्यांचे कळप. म्हणजे लोकर डोळ्यांपुढे चरत असते. पण या दख्खनी मेंढीची लोकर राठ, केसाळ. तिची घोंगडी होते, लहान लेकराच्या अंगात घालण्याजोगे झबले होत नाही. विणायची लोकर येई लुधियाना, धारीवाल, कानपूरकडून, औंसावर, धुळ्याच्या बाजारातून. थंडी खरी दोन महिन्यांची, पण बोचरी. उरलेले वर्ष उन्हाचे.

आमच्या वस्तीत विणकाम शिरले ते १९७८-७९ च्या हिवाळ्यात, निदान आमच्या घरात तरी. माझी थोरली बहीण सातवीत होती. तिच्या शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला लोकर घरून आणावी लागे. जिची लोकर नसेल तिने दुसऱ्या मुलींच्या लडीचे गोळे गुंडाळून द्यायचे. शाळेचे नाव कशाला घ्या, अशा शाळा पुष्कळ होत्या. वर्षभर तिने गोळेच गुंडाळले. मग कोठून तरी पुढची पाने गेलेले विणकामाचे एक पुस्तक तिने आठ दिवसांच्या बोलीवर आणले. सायकलच्या दोन तारा घासून सुया केल्या आणि एक जुना स्वेटर उसवून, वाफेवर धरून, त्याची लोकर सरळ केली.

विणायला मात्र बसली आई. बहिणीची बोटे अवघडत. आईची बोटे निंदणी-खुरपणीत आणि गोधडीच्या टाक्यांत तयार झालेली. आईला अक्षर येत नव्हते. बहीण कंदिलापुढे वाचायची, ‘दोन सु, दोन उ, लोकर पुढे, दोन टाके एकत्र’, आणि आई विणायची. ओळ संपली की विचारायची, ‘आते कितला टाका लेवाना वं बाई?’ पुस्तकाची मराठी पुण्याची, आईची बोली अहिराणी, आणि मध्ये सातवीतली पोर दुभाषी. पुस्तकात लिहिले होते : टाके आठाच्या पटीत, अधिक तीन. बहीण पाटीवर गुणाकार करीपर्यंत आईने हिशेब सांगितला, ‘चार विसा नि तीन.’ मजुरीचे आणि कांद्याच्या गोण्यांचे हिशेब तिने आयुष्यभर विसांनीच केले होते. त्र्याऐंशी बरोबर होते. शाळेत ज्याला गणित म्हणतात ते आपल्याला येते, हे तिला त्या रात्री प्रथमच कळले असावे. ओळी मोजायला ती तुरीचे दाणे एका वाटीतून दुसरीत टाकी.

आठ दिवसांत पुस्तक परत करायचे म्हणून बहिणीने नमुने वहीत उतरविले. शेजारच्या बायका येऊ लागल्या. काही दिवसांनी हिंदी मासिकांचे ‘बुनाई विशेषांक’ हाती आले; मग फंदा म्हणजे टाका, सलाई म्हणजे सुई आणि ओळही, असा शब्दकोश वहीच्या समासात तयार झाला. त्या बायकांत दोघी-तिघींनी पुढे सही करायला शिकून घेतले. त्यांची पहिली ओळखीची अक्षरे कोणती, तर ‘सु’ आणि ‘उ’. प्रौढ शिक्षणाच्या कोणत्याही मुळाक्षरांच्या तक्त्यात हा क्रम सापडणार नाही.

यातून त्यांचा रोजगार उभा राहिला काय? नाही, आणि हे स्पष्ट सांगितले पाहिजे. एका मोठ्या स्वेटरला रिकाम्या वेळचे पंधरा-वीस दिवस जात. लोकर रोखीची, गिऱ्हाईक उधारीचे, आणि हंगाम दोन महिन्यांचा. पुढे लुधियान्याचे यंत्रावरचे स्वेटर गावोगावच्या बाजारात आले, शहरांत तिबेटी निर्वासितांची दुकाने हिवाळ्यात लागू लागली, आणि हाताच्या कामाला मजुरीइतकाही दाम उरला नाही. शासनाच्या योजनांतून शिलाई यंत्रे वाटली गेली. त्यांवर काही घरे चालली. सुयांवर चालले असे एकही घर मला ठाऊक नाही. हस्तव्यवसायाने दलित स्त्रीचा उद्धार होईल असे सांगत समित्यांवर बसलेल्यांनी हा हिशेब कधी केला नव्हता. यंत्राने हे काम नेले याचे मला दुःख नाही. आमच्या मुलींनी त्या वेळात दहावी करावी, हेच बरे.

तरी पण या कामाचे मोल दामात मोजून संपत नाही. मनुस्मृतीने चांडाळांना नेसायला प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महाराचा ‘हक्क’ होता. हक्क या शब्दाची याहून क्रूर थट्टा मला माहीत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली आणि दोनच दिवसांनी, २७ तारखेला, बाबासाहेब तेथे जमलेल्या स्त्रियांना सांगत होते की, तुमच्या नेसण्यावरून तुम्ही ओळखू येता. ते नेसणे बदला, ते दागिने टाका. १९५६ च्या धर्मांतरानंतर मेलेली ढोरे ओढणे सुटले, मढ्यावरचे कापड घेणे सुटले. १९५८ च्या कायद्याने वतनही गेले. पण त्याजागी अंगावर आले ते पुष्कळदा दुसऱ्याचे उतरलेले, कोणाच्या तरी मापाचे, आपल्याला ढगळ नाहीतर तोकडे.

आईने विणलेला तो पहिला स्वेटर माझ्या धाकट्या भावाचा. लोकर जुनीच, पण छातीचे माप तिने त्याच्याच अंगावर विती लावून घेतले होते, मुंढ्यापाशी टाके त्याच्याच खांद्यासाठी कमी केले होते. आमच्या घरात कोणाच्या तरी अंगाच्या मापाने घरीच केलेले ते पहिले वस्त्र.

अशा वह्या खानदेशात आणि बाहेरही पुष्कळ घरांत असतील. विणकामाच्या छापील पुस्तकांवर कोणी लिहिले तर लिहिले, पण या हस्तलिखितांकडे पाहायला हवे. रोजनिश्या आणि पत्रे यांइतकाच तो आपल्या स्त्रियांच्या लेखनाचा दस्तऐवज आहे. बहिणीची वही दोनशे पानी आहे. पुढून नमुने आहेत : बाळाचे मोजे, कानटोपी, पानाची जाळी, दहा नंबरच्या सुयांवरची किनार. मागून भीमगीते उतरवून घेतली आहेत, आणि मधल्या पाच-सहा पानांवर वस्तीतल्या बायकांच्या भिशीचा हिशेब आहे, नावापुढे रुपये, काही ठिकाणी अंगठा आणि नंतरच्या महिन्यांत त्याच नावापुढे सही.