खांब, खड्डा आणि सब्बल

मंडळी, आपल्या भंडारा जिल्ह्यातलं मला ठाऊक असलेलं सर्वांत जुनं आणि देखणं कुंपण पवनीचं. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खनन केलं, तेव्हा जगन्नाथ टेकडीत मोठा स्तूप निघाला आणि त्याभोवतीच्या दगडी कठड्याचे खांब मिळाले. दोन हजार वर्षांहून जुने. काहींवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत आहेत.

अशा कठड्याची रचना मात्र सुताराची आहे! उभे स्तंभ, त्यांच्या कुशीत खाचा पाडून अडकवलेल्या आडव्या सूची आणि माथ्यावरून सगळ्यांना बांधणारं उष्णीष. दगडाला ही जोडणी लागत नाही, ती लाकडाची सवय. म्हणजे आधी लाकडी कुंपणं होती, पाथरवटाने त्यांचीच नक्कल केली. आपला 'खांब' हा शब्दही वेदांतल्या स्कंभाचा वंशज. आणखी एक, कठडा गोल असल्यामुळे त्याला कोपऱ्याचा खांब नाही. हे का सांगतो ते पुढे येईल.

खांब रोवायचा तर खड्डा हवा आणि खड्ड्याला लोखंड हवं. त्यातही विदर्भ मागे नव्हता. नागपूर जिल्ह्यात पारशिवनीजवळच्या नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे, ती पवनीच्या स्तूपाहूनही जुनी, महापाषाण काळातली.

माझ्या लहानपणी कुंपण म्हणजे बाभळी-बोरीच्या काट्या आणि त्यांना धरायला मेढी. सब्बलीने वीतभर भोक पाडलं की मेढ उभी. वर्षभरात ती वाळवी खायची, पुन्हा नवी. कुणी फार खोल जात नसे, कारण काटीचा खांबावर ताण नसतो.

तारेने हे सगळं बदललं. १८७४ साली अमेरिकेत इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने काटेरी तारेचं पेटंट घेतलं. तार ताणल्याशिवाय उपयोगाची नाही, आणि ताणली की सारा ओढा कोपऱ्याच्या खांबावर येतो. तो आतल्या बाजूला वाकला की सगळी ओळ ढिली पडते. म्हणून खड्डा खोल हवा, कोपऱ्याला तिरपा टेकू हवा. पवनीच्या कारागिराला ही कटकट नव्हती!

आता आमच्या वाडीचं. मागच्या वेळी गुत्तेदाराच्या माणसांनी टिकासाने हे रुंद खड्डे खणले, वर भुसभुशीत माती लोटली आणि दुसऱ्या पावसाळ्यात खांब नमस्कार करू लागले. रानडुकरांना आमंत्रणच. यंदा मुलगा म्हणतो, खड्डे पाडायचं पेट्रोलवरचं मशीन भाड्याने आणू. शेकडो खांब असते तर मीही हो म्हटलं असतं. आमचे आहेत बावीस. शिवाय मशीन मुळीत किंवा दगडात अडलं की धरणाऱ्याच्या हातांना हिसडा देतं, आणि ओल्या चिकण मातीत खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत लिंपून टाकतं. तिथे भराव पकडत नाही.

आमच्याकडे अर्धी वाडी कन्हार, अर्धी बरडी. बरडीत मुरूम फोडायला सब्बलच लागते. काळी कन्हार पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, खांब हलवते. तिथे खणलेली माती परत न घालता मुरूम भरायचा, थोडा थोडा, आणि दर थराला सब्बलीच्या बोथट टोकाने ठोकायचं. सब्बलीचा खड्डा अरुंद राहतो, हाच तिचा मोठा गुण. भोवतीची न हललेली माती खांबाला धरते. तळातली माती काढायला फावडं आत जात नाही, जुना पत्र्याचा डबा जातो. हे हत्यार कुठल्याच दुकानात विचारू नका.

सात फुटी सिमेंटचे खांब, दोन फूट जमिनीत, कोपऱ्याचे अडीच. पाऊस सरून वाफसा आला की दोन गडी लावायचे. ओळंबा आणि दोरी मी धरीन, तेवढं या वयात जमतं. मुलाने मशीनचं नाव अजून सोडलेलं नाही. त्याला म्हटलं, आधी बरडीतला एक खड्डा तू स्वतः सब्बलीने खणून बघ, मग बोलू.