पिसांची माशी

गळाला गांडूळ लावून मासा धरणें ही फार जुनी विद्या आहे. परंतु गांडूळ टाकून देऊन रेशीम, लोंकर व पिसें यांची खोटी माशी करावी आणि तिनें माशाला फसवावें, ही कल्पना ज्याला प्रथम सुचली त्याची रसिकता निराळ्याच जातीची म्हटली पाहिजे. इ. स. २०० च्या सुमारास एलियन नांवाच्या ग्रंथकारानें मॅसिडोनियांतील लोकांची ही युक्ति नमूद करून ठेविली आहे. गळाला तांबडी लोंकर गुंडाळावयाची आणि कोंबड्याच्या गळ्याखालचीं मेणाच्या रंगाचीं दोन पिसें तिच्यावर बसवावयाचीं, एवढीच ती कृति. इंग्लंडांत १४९६ सालीं छापलेल्या एका लहानशा प्रबंधांत अशा १२ माश्या वर्णिल्या आहेत. पुढें १६५३ मध्यें आयझॅक वॉल्टनचा 'दि कम्प्लीट अँगलर' हा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. पण वॉल्टन पडला आमिषाचा भक्त. माशीचें खरें शास्त्र त्या ग्रंथांत आलें तें १६७६ च्या पांचव्या आवृत्तींत, आणि तेंही त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याच्या लेखणींतून.

वॉल्टन १६८३ मध्यें विंचेस्टर येथें वारला. तेथील कॅथीड्रलमध्येंच त्याची समाधि आहे. शहराला लागून इचेन नदी वाहते. या शांत छंदांतील सर्वांत कडवा वाद पुढें दोन शतकांनंतर याच नदीच्या पाण्यावरून माजावयाचा होता.

इचेन आणि तिची शेजारीण टेस्ट या नद्या आपल्याकडील नद्यांसारख्या पावसाळ्यांत दुथडी व वैशाखांत वाळवंट अशा नव्हेत. खडूच्या टेकड्यांतून सावकाश झिरपलेलें पाणी त्यांना बारमाही मिळतें. तें थंड आणि स्फटिकासारखें नितळ असतें. काठावरच्या माणसाला मासा दिसतो, आणि माशालाही माणूस दिसतो. फसवणूक अवघड होते ती येथें. या पाण्यांत ट्राउट मासा राहतो आणि मेफ्लायच्या कुळांतील माश्यांवर पोसतो. या माशीचें चरित्र मोठें विलक्षण आहे. तिचें बहुतेक सारें आयुष्य पाण्याखालीं, बिनपंखी बाल्यरूपांत जातें. त्या रूपाला इंग्रजींत निम्फ म्हणतात. एके दिवशीं तो जीव वर येतो, त्याची कात फाटते, आणि पंख फुटलेली माशी क्षणभर प्रवाहावर तरंगून उडून जाते. पुढें ती आणखी एकदां कात टाकते, अंडीं घालते आणि एकदोन दिवसांत मरते. पंख फुटल्यावर तिला अन्न घेतां येत नाहीं. तोंड असून नसल्यासारखें. ती तरंगत असतांना ट्राउट तिला वरच्यावर टिपतो, त्या वेळीं पाण्यावर एक वर्तुळ उमटतें. तें वर्तुळ पाहून ज्याच्या छातींत धस्स होतें, तो या छंदाचा कायमचा कैदी झाला असें समजावें.

त्या तरंगत्या माशीची हुबेहूब प्रतिमा करण्याचें वेड फ्रेडरिक हॅलफर्ड यानें घेतलें. १८४४ मध्यें जन्मलेला हा लंडनचा श्रीमंत व्यापारी. १८७९ मध्यें विंचेस्टरमधील मासेमारीच्या सामानाच्या दुकानांत जॉर्ज मॅरियट या जाणत्या गृहस्थाशीं त्याची गांठ पडली. दोघांनीं मिळून नदीवरील कीटक गोळा केले, त्यांचे रंग व अवयव न्याहाळले, आणि एकेकाला जुळेल अशी माशी बांधली. १८८६ मध्यें हॅलफर्डचा 'फ्लोटिंग फ्लाइज अँड हाउ टु ड्रेस देम' हा ग्रंथ निघाला. पुढें १८८९ मध्यें धंदा सोडून त्यानें उरलेला जन्म या एका विषयाला वाहिला.

माशी बांधणें ही स्वतंत्रच कला आहे. बोटाच्या पेराएवढाही नसलेला गळ लहानशा शेगड्यांत धरावयाचा आणि मेण लावलेल्या रेशमानें त्यावर एकेक अवयव बसवावयाचा. शेपटीला कोंबड्याच्या पिसाचे दोनतीन तंतु, पंखांना स्टारलिंग पक्ष्याच्या पिसाचे तुकडे. धडासाठीं मोरपिसाच्या डोळ्याजवळचा एक तंतु घेऊन नखानें त्याची लव खरवडावयाची. आंतली काडी एका कडेला गडद व दुसऱ्या कडेला फिकी निघते, आणि ती गळावर गुंडाळतांच कीटकाच्या पोटावरील वळ्या हुबेहूब उमटतात. शेवटीं कोंबड्याच्या मानेचें ताठ पीस भोंवतीं फिरविलें कीं त्याच्या तंतूंवर माशी पाण्यावर उभी राहते. सामन माशासाठीं ज्या भडक माश्या बांधीत त्यांत तर सह्याद्रींतील राखी रानकोंबड्याच्या मानेचीं, मेणाच्या थेंबासारखे ठिपके असलेलीं पिसें असत. आपल्या रानांतला हा पक्षी स्कॉटलंडच्या नद्यांवर असा पिसारूपानें पोंचला होता! (हा व्यापार पुढें कायद्यानें बंद झाला, हें चांगलें झालें.) एवढी खटपट करून तयार झालेल्या वस्तूला वजन म्हणून नसतें. ती फेंकली जाते ती दोरीच्या वजनानें. काठी नुसती त्या दोरीला वळण देते.

हॅलफर्डच्या हातून एक मोठें शास्त्र झालें, आणि त्याच्या अनुयायांच्या हातून त्या शास्त्राची स्मृति झाली. वर्तुळ दिसेल त्याच माशाकडे, प्रवाहाच्या उलट दिशेनें, आणि तरंगती माशीच टाकावयाची. बुडती माशी वापरणें म्हणजे जणूं सोंवळें मोडणें, असा कडक आचार टेस्ट व इचेनच्या काठीं रूढ झाला.

जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज हा प्रथम याच पंथांतला. १८५८ मध्यें न्यूफाउंडलंडमध्यें जन्म, विंचेस्टर कॉलेजांत शिक्षण, लंडनमध्यें सॉलिसिटरचा धंदा. लग्न त्यानें केलें नाहीं. १८८३ पासून तो विंचेस्टरजवळ अ‍ॅबट्स बार्टन येथें इचेनवर मासे धरूं लागला. १८९२ मध्यें एके दिवशीं त्याची माशी तरंगेना. ती बुडाली, आणि बुडालेली माशीच ट्राउटनें घेतली. दुसरा एखादा ती निकामी म्हणून फेंकून देता. स्क्यूज वकील होता. पुरावा कितीही गैरसोयीचा असला तरी तो दप्तरीं दाखल करण्याची त्याला सवय होती.

मग त्यानें एक साधी गोष्ट आरंभिली. मटणाच्या नळींतला मगज काढण्याचा लांब, अरुंद चमचा घेऊन तो पकडलेल्या ट्राउटच्या पोटांतील ऐवज बाहेर काढी आणि पांढऱ्या बशींतील पाण्यांत सोडून पाही. बशींत पंखांच्या माश्या थोड्या आणि निम्फ पुष्कळ असत. मासा पाण्याखालीं जेवत होता आणि माणसें त्याला पाण्यावर वाढीत होतीं! स्क्यूजनें निम्फची नक्कल बांधण्यास आरंभ केला. १९१० मध्यें 'मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम' आणि १९२१ मध्यें 'द वे ऑफ अ ट्राउट विथ अ फ्लाय' हे त्याचे ग्रंथ निघाले. तरंगत्या माशीला त्यानें कधींच टाकलें नाहीं. तिच्या शेजारीं निम्फला जागा द्यावी, एवढेंच त्याचें मागणें होतें. हॅलफर्डला तेंही रुचलें नाहीं. १९१४ मध्यें तो वारला. परंतु गुरूच्या मागें शिष्यांचा कडवेपणा वाढतच गेला.

फेब्रुवारी १९३८ मध्यें लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबांत निम्फवर जाहीर वादविवाद झाला. विरुद्ध बाजूचे पुढारी सर जोसेफ बॉल हे होते. स्क्यूज त्या वेळीं ७९ वर्षांचा होता. अ‍ॅबट्स बार्टनच्या पाण्यांतील त्याच्या भागीदारांनाही त्याची रीत खपत नव्हती, आणि त्याच वर्षीं ५५ वर्षांचा संबंध तोडून तो तेथून निघाला. ज्या पाण्याचा एकेक वळसा त्याला तोंडपाठ होता, तें पाणी त्याला एका किड्याच्या रूपावरून सोडावें लागलें. छंद हा करमणुकीचा विषय आहे असें मानणारांना हें हास्यास्पद वाटेल. पण ज्याचें सारें आयुष्य एका नदीकाठीं मोजलें गेलें त्याला तें तसें वाटलें नसावें.

पुढच्याच वर्षीं, १९३९ मध्यें, त्याचा 'निम्फ फिशिंग फॉर चॉक स्ट्रीम ट्राउट' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विल्टशायरमधील नॅडर नदीवर तो नव्यानें मासे धरूं लागला. म्हातारपणीं त्याचा पत्रव्यवहार मोठा होता. त्याच परगण्यांत एव्हन नदीवर राखणीचें काम करणाऱ्या फ्रँक सॉयर नांवाच्या माणसाला त्यानें लिहितें राहण्यास उत्तेजन दिलें. ऑगस्ट १९४९ मध्यें स्क्यूज वारला. सॉयरचें 'निम्फ्स अँड द ट्राउट' हें पुस्तक १९५८ मध्यें निघालें. सॉयरनें रेशमाचा धागाच काढून टाकला. त्याच्या जागीं तांब्याची बारीक तार घेतली आणि तिच्याबरोबर फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तांबूस तंतु गुंडाळले. तारेच्या वजनानें ती निम्फ सरळ खालीं, मासा जेथें जेवतो तेथें जाते. ती आज जगभरच्या नद्यांवर वापरली जाते, आणि अ‍ॅबट्स बार्टनच्या काठीं स्क्यूजचें स्मारक उभें आहे.